दोन बोटं

उद्यमबागेत भरमाणी बॉनेटवर
तळवा दाबतो, सोडतो.
गाडी एकदाच वर येते, थांबते.
'शॉकअप बरे हायत. खरं, किती खाली?'
मी चार बोटं दाखवतो.
'मागं कोण बसतंय?'
अक्का. सातवा महिना.
नंदगडहून तपासणीला आणतो.

तो माझीच दोन बोटं दुमडतो.
'कापलेली स्प्रिंग नको,
ती रस्ता जसाच्या तसा वर सांगते.
ही बघ, आधी मऊ, मग ताठ.
साकु.'

परतताना खानापूरच्या पुढं
उसाच्या ट्रॉल्यांनी उखणलेला पट्टा.
मी दात आवळून धरतो.
आरशात अक्का झोपलेली, तोंड उघडं,
मांडीवरची फाईल जागच्या जागी.

तिठ्यावर पोरं चाकाशी वाकून म्हणतात,
अजून दोन बोटं
खाली पाहिजे होती.