उभ्या लाटा

कोल्ड स्टोरेजमधून फोन आला तेव्हा
मी पुठ्ठ्याला खळच लावत होते.
"मालनबाई, तुमची खोकी बसली."
बसली म्हणजे?
"म्हणजे बसली. खालचे दोन थर.
बेदाणा फरशीवर आलाय. माणूस पाठवा."

माणूस कुठला. मीच गेले.
साडेतीनशे खोकी, पंधरा-पंधरा किलोची,
थंडीत गुडघे मोडून बसलेली,
माझ्या नावाचा शिक्का वर करून.
व्यापारी ओरडला नाही. ते जास्त लागलं.
पुढची ऑर्डर मिरजेला दिली, एवढंच म्हणाला.

वाचनालयात गेले ती काही शिकायला नव्हे.
पोरीचं पुस्तक परत करायचं होतं, सतरा दिवस उशीर,
आणि मणेराजुरीची गाडी तासगाव स्टँडवरनं
माझ्या डोळ्यांदेखत सुटली होती.
मगदूम सरांनी दंड मोजला, साडेआठ रुपये,
वरचे पन्नास पैसे सोडले,
आणि विचारलं, हाताला काय झालंय?
खळ होती. नखांत वाळलेली.
मी सांगत सुटले.

पायगोंडा मगदूम, ग्रंथपाल.
मार्चचं अनुदान जूनमध्ये येतं.
पगार सांगताना त्यांना लाज वाटत नाही,
ऐकणाऱ्याला वाटते.
माझ्याकडं पिना मारणारी रुखसाना
त्यांच्यापेक्षा चारशे जास्त घेते.

ते म्हणाले, "बघतो."
बघतो म्हणणारी माणसं मला ठाऊक आहेत.
बँकेत आहेत, पंचायत समितीत आहेत,
एक तर आमच्या घरातच आहे.
हे मात्र शिडी घेऊन बघायला गेले.

चौथ्या दिवशी निरोप आला.
टेबलावर एक इंग्रजी पुस्तक,
कुणा वारलेल्या प्राध्यापकाच्या घरनं पोत्यातून आलेलं,
आजवर कुणीच न नेलेलं.
शेजारी वही. वहीत सरांचं मराठी, पेन्सिलनं,
अडलं तिथं प्रश्नचिन्ह.

"बाई, तुम्ही शीट आडवी कापता का?"
हो. आडवी कापली की तुकडा वाया जात नाही.
"पुठ्ठ्याच्या पोटातल्या लाटा उभ्या पाहिजेत म्हणतात.
खांबासारख्या. आडवी लाट वजनाखाली निजते."
मला पटलं नाही, ते त्यांना दिसलं.
त्यांनी रद्दीतलं एक जुनं कार्ड घेतलं,
पंख्यासारख्या घड्या घालून उभं केलं,
वर शब्दकोश ठेवला. जाडा. दोन हातांनी.

राहिला.

नऊ वर्षं खोकी करते मी.
मशीन विकणाऱ्यानं सांगितलं नाही,
कागद देणाऱ्यानं सांगितलं नाही,
आणि मी तुकडा तुकडा वाचवत
साडेतीनशे खोकी घालवून बसले.
रडू आलं नाही. राग आला,
कुणावर ते अजून ठरलं नाही.

मग सर म्हणाले, पोरीच्या कार्डावर किती दिवस?
अर्ज पुढं केला. व्यवसाय या रकान्यात
मी सवयीनं 'गृहिणी' लिहिलं.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी खोडलं.
काय लिहू?
"कारखानदार."
मला हसू आलं. अहो सर, कोंबड्यांची शेड आहे ती.
अजून पिसं निघतात.
"रकाना धंद्याचा आहे, शेडचा नाही."

आता खोकी उभ्या लाटांची. तुकडे वाया जातात,
त्यांचे भाव मी दरात धरते.
मिरजेला गेलेली ऑर्डर परत आली नाही,
पण सावळजच्या दोघांनी विचारलंय.

मागच्या महिन्यात तपासणीला साहेब आले.
रोज वाचक किती? म्हणाले.
"एकतीस," सर म्हणाले.
मी खिडकीपाशी बाजारभावाचं पान वाचत होते.
त्या एकतिसात मी आहे का, विचारलं नाही.
साहेबांच्या मागं, वरच्या फळीवर,
जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे माझ्या खोक्यांत ठेवलेत.
वर छापलंय : बेदाणा, निव्वळ वजन पंधरा किलो.
साहेबांनी ते दोनदा वाचलं
आणि काही न विचारता पुढं गेले.

येता-जाता मी हात लावून बघते.
कडा अजून ताठ आहेत.