पत्र्याची नळी

गाडीचा सांगाडा ओरेस्टने भंगारात घातला,
इंजिन ठेवून घेतलं.
त्र्याऐंशीची सुबारू, रंग कधीकाळी हिरवा,
तीन लाख बारा हजार किलोमीटर,
ते सगळे माझे.
अपरात्री कुठल्या फार्मवर अडलेली बाई,
कुणाचा जुना खोकला,
कॅनोराच्या पलीकडचे खडीचे रस्ते,
मागच्या सीटवर नर्सची पेटी आणि फावडं.

कोठारात त्याने सहा हिवाळे घातले.
लाकडाच्या फासळ्या, त्यांवर कापड, कापडावर रंग,
हळूहळू विमान म्हणावं असं काहीतरी.
विमानाचं इंजिन विकत घ्यायचं म्हणजे अर्धं शेत, म्हणायचा,
हे तर घरचंच आहे.
पंख्याला एवढी घाई सोसत नाही,
म्हणून मध्ये पट्टा, एक चाक लहान, एक मोठं,
इंजिन दोनदा फिरेल तेव्हा पंखा एकदा.
पहिला पट्टा जळाला.
दुसरा तुटून छताच्या तुळईला जाऊन लटकला.
तिसऱ्याचा वास आठवडाभर माझ्या धुतलेल्या चादरींना.

मी एकदाच विचारलं होतं.
गाडी बंद पडली की मी कडेला घ्यायचे,
दिवे लुकलुकत ठेवायचे,
थर्मासमधला चहा प्यायचे.
वर कडा कुठे आहे?
तो म्हणाला, हे सस्कॅचेवान आहे, दार्का,
इथे सगळी कडाच.

सप्टेंबरात उडाला.
धुकं नुकतंच उठलेलं, गवत ओलं, पारा आठावर.
मी अंगणात गेले नाही. बटाटे सोलत बसले, मुद्दाम.
आवाज तळ्यावरून गेला, वळला,
उतरायला त्याने वेग कमी केला असावा,
आणि मग आवाजच नव्हता.
बटाट्याची साल बादलीत पडली ती ऐकू आली.

कुझिकच्या कापलेल्या जवसात उतरला.
एक चाक वाकडं, बाकी धड.
पायीच घरी आला, बुटांना चिखल,
म्हणाला, पेट्रोल होतं. ठिणगी होती.
तिथेच किल्ली फिरवली तर पहिल्या फटक्यात सुरू!

दोन दिवस त्याने सगळं उकललं, पुसलं, परत बसवलं.
तिसऱ्या रात्री सूप पुढे सारून म्हणाला,
दोष सापडत नाही.

तळ्याच्या वळणावर, मी म्हणाले.
काय?
तळ्याच्या वळणावर मरायची ती.
उणे तीसात कधीच नाही. अशाच ओल्या सकाळी,
वळणाआधी पाय उचलला की घसा धरायची.
दोन मिनिटं थांबलं की आपली आपण शहाणी.
गॅरेजवाला डोबुश म्हणाला होता,
कार्बुरेटरच्या घशात बर्फ धरतो,
त्यासाठीच ती पत्र्याची नळी,
एक्झॉस्टवरची ऊब आत नेणारी.
एक्क्याण्णवात गळून पडली,
मी कुंपणाच्या तारेने बांधली.
ती कुठे आहे?

तो माझ्याकडे बघत राहिला.
काढली, म्हणाला. वजन वाचवायला.
किती वाचलं?
साडेतीनशे ग्रॅम.

कंदील मी धरला.
भंगाराच्या बादलीत, तळाशी, चेपलेली,
तार अजून तिच्यावर, आणि गाठ माझीच,
डावखुरी, उलटी.

आता नळी आहे, तिला ओढायला एक दांडी आहे,
दांडीवर त्याने लाल रंग लावलाय.
शेजारच्या सीटवर माझी गाडीतली गादी ठेवलीय,
न विचारता.
मी अजून बसले नाही.
बसेन असंही म्हणत नाही.

मी भांडी घासत असते.
आवाज चढाला लागला की
माझा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जातो,
आणि तळ्यापाशी तो मंदावला
की खिडकीच्या काचेला मी म्हणते,
नळी, ओरेस्ट,
नळी.