चार सेकंद

विल्मार निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
त्याच्या जुन्या कोडमध्ये एक ओळ होती:
इथे चार सेकंद थांब.
वर त्याचीच टीप: का ते विचारू नका.

आम्ही विचारलं नाही.
तिकडे दुरास्नोच्या डेअरीत पहाटेपासून टँकर येतात,
काट्यावर चढतात, प्रोग्राम वजन टिपतो,
ज्याचं दूध त्याच्या खात्यावर मांडतो.
इकडे मोन्तेविदेओत, सहाव्या मजल्यावर,
खिडकीतून नदी दिसते, समुद्राएवढी रुंद, गढूळ.
दूध दिसत नाही.

यामान्दू तेवीस वर्षांचा, हात भलताच चलाख.
त्याने ती ओळ काढून टाकली.
सगळ्या चाचण्या हिरव्या.
दिवसाला चारशे गाड्या, गुणिले चार,
जवळजवळ सत्तावीस मिनिटं वाचतात,
असा हिशेबही हौसेने जोडला होता त्याने.
मी दोन बैठकांच्या मधे उभ्याने एम्पनाडा खात होते.
वाचलं नाही. ‘छान’ लिहिलं, मान्यता दिली.

खरं सांगायचं तर
टीमप्रमुख झाल्यापासून मी लिहिलेलं कोड
बहुतेक एवढंच:
छान.

पाचव्या दिवशी दोन ओलेगारिओंचा फोन.
बासष्ट गाई, आणि पेन्सिलीने लिहिलेली स्वतःची वही.
म्हणाले, गाई त्याच, चारा तोच,
कासेत दूध तेवढंच, बाई,
तुमचा कागद तेवढा आटलाय.

वरून विचारणा आली: कुणी केलं?
खोलीत खुर्च्या करकरायच्या थांबल्या.
यामान्दूचे कान लाल.
मी म्हटलं, मी.
यात मोठेपणा काही नव्हता,
मान्यतेखाली नाव माझंच होतं.
तरी ब्राउलिओने माझ्याकडे असं पाहिलं
की मला जरा बरं वाटलं,
आणि बरं वाटल्याची लाज.

विल्मारला फोन लावला. तो मधमाश्यांत होता.
‘टँकर थांबतो गं, इर्मा,
पण आतलं दूध थांबत नाही.
हिंदकळत राहतं. काटा डुलतो.
जरा दम धरावा लागतो त्याला.’
मग हे लिहिलं का नाहीस?
बराच वेळ नुसती गुणगुण ऐकू आली, माश्यांची.
‘तेव्हा सगळ्यांना माहीत होतं.’

त्या रात्री मला झोप आली नाही,
पण दुधामुळे नाही.
एप्रिलमध्ये नाहीर माझ्यासमोर बसली होती.
सगळं ठीक? मी विचारलं.
हो, म्हणाली.
मी ‘ठीक’ टिपून घेतलं, पुढच्या मुद्द्याकडे वळले.
मे महिन्यात तिचा राजीनामा आला,
दोन ओळींचा, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेला.
तिच्या त्या ‘हो’नंतर
मी किती सेकंद थांबले असेन?

ओळ परत टाकायला अर्धं मिनिट पुरलं असतं.
मी यामान्दूला रात्रीच्या बसने दुरास्नोला धाडलं.
काय करू तिथे? त्याने विचारलं.
उभा राहा, म्हटलं. बघ.
शिक्षा समजला असावा. मीही
शिक्षा नाही, असं छातीठोकपणे सांगू शकले नसते.

दोन दिवसांनी परतला, बुटांना चिखल,
अंगाला आंबूस वास, पिशवीत ओलेगारिओंनी दिलेलं चीज.
कुणाशी न बोलता लिहायला बसला.
ओळ परत आली. वर तीन वाक्यांचं कारण,
काट्याचं, दुधाचं, आणि विल्मारचं नाव.
आकडा मात्र सहा.

चार होते ना?
तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळला.
माते ओतला, पेला त्याच्याकडे सरकवला.
एक. दोन. तीन.

‘जुलैत दहिवर गोठतं,’ तो आपणहून म्हणाला,
‘तेव्हा काटा आळसावतो.
मी मोजलं. तीस गाड्या.’

वाचलं या वेळी. प्रत्येक अक्षर.
खाली काय लिहावं ते सुचेना.