पंधरापैकी चार

फॉर्ममध्ये एक रकाना आहे: प्रत मूळ आहे का? हो / नाही.
खाली अर्ध्या बोटाएवढी जागा, स्पष्टीकरणासाठी.
सयाजीगंजच्या हॉलमधले पंखे फोटोंच्या कडा उचलतात
नि मी त्यांच्यावर लेन्सची झाकणं ठेवत बसते.

समितीचे मजमुदारसाहेब चष्मा कपाळावर चढवून विचारतात,
"गर्देबेन, यातलं ओरिजिनल कुठलं?"
शेजारच्या तैलचित्राला कुणी हे विचारत नाही,
त्याचा वासच अजून ओला आहे.

काय सांगू?
निगेटिव्ह म्हणावं, तर त्यात माणसाचे दात काळे
आणि रात्र दुधासारखी. ते कोण टांगणार भिंतीवर?
पहिली प्रत म्हणावं, तर पहिली नेहमी फसते.
ती काढली दांडिया बाजारातल्या आमच्या न्हाणीघरात,
लाल बल्ब, मोरीवर फळी, फळीवर तीन ट्रे,
बाहेरून आई दार वाजवतेय: अगं, नळ जाईल आता.
दुसरीत आकाश करपलं.
तिसरीत मी त्याच्या चेहऱ्यावर तळहाताची सावली धरली,
बारा सेकंद, ओठ न हलवता मोजत.
चौथीतही धरली. ही समोरची, चौथी.
हात तोच होता. सावली तीच कशी असेल?

"म्हणजे हातानं केलेली ती मूळ," ते लिहायलाच लागतात.
थांबा. बाजूच्या या मगरी, विश्वामित्रीच्या पुलावरून घेतलेल्या,
रावपुऱ्यात मशिनवर छापल्यात.
मशिनवरचा दीपेन कानात गाणी घालून बसतो,
पण काळ्यात निळं उतरलं
तर मला न विचारता कागद फाडतो.
त्या काय नकली?

मी खाली पेन्सिलीनं ४/१५ लिहिते, सही करते
आणि सोळावी काढत नाही.
एवढंच.
अलकापुरीच्या एक बाई विचारून गेल्या,
पंधरानंतर निगेटिव्ह जाळता ना?
नाही जाळत, म्हटलं.
मग त्यांनी हजार रुपये कमी करायला सांगितले,
आणि त्यांचंही काही चुकलं असं मला वाटलं नाही.

चारच्या सुमाराला इल्यासभाई आले. फोटोतले.
एकतीस वर्षांपूर्वीची उत्तरायण, गेंडीगेटचा रस्ता,
दोन खांबांमध्ये ताणलेला दोरा
आणि मुठीत काच, भाताची लुगदी, गुलाबी रंग,
जो माझ्या फोटोत राखाडीच राहिला.
किंमत वाचून ते हसले. मग पिशवीतून काढली
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली
ती पहिली, फसलेली.
टाकायची कशाला, म्हणून मीच दिली होती.
दुकानातल्या घड्याळाखाली राहून पिवळी पडलेली,
मी घाईत नीट धुतलीच नव्हती.
त्यांचा चेहरा त्यात काळोखात बुडालाय,
बोटं मात्र एकेक मोजता येतात,
आणि कोपऱ्यात एक खरा, गुलाबी अंगठा.

"आ असल छे ने, बेन? पोतो कहता है, सही नहीं तो कुछ नहीं."

मजमुदारसाहेब पुढे वाकले. कितीला देणार, असंही पुटपुटले.
इल्यासभाईंनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.
मी पेन्सिल उचलली. आकडा कुठला घालू?
एकच्याही आधीची ही, पंधरात न बसणारी.
"नंबर रहेवा दो. नाम लिख दो."
माझं?
"मेरा."

चकचकीत कागदावर पेन्सिल घसरायला लागली.
उलटा केला, तर मागे गुजरातीत हिशेब:
सहा फिरक्या, रोकडे नव्वद, उधार चाळीस,
चाळिसावर काट मारलेली नाही.
त्या उधारीखाली, बारीक अक्षरात, मी नाव बसवलं.

फॉर्म अजून टेबलावर आहे.
हो आणि नाही यांच्यामध्ये ती तिरकी रेघ असते ना,
तिथे मजमुदारसाहेबांच्या पेनाचा एक ठिपका पडलाय.