खोली अकरा, आवाज करतो

बोखुमच्या खाणी कधीच बंद झाल्या,
खालचे पंप मात्र चालूच आहेत.
जमीन इतकी पोखरलीय की
उपसा थांबला तर वस्त्या तळ्यात जातील,
असं आजोबा सांगायचे, आणि पुढे तुर्कीत एक शिवी,
जी मला अजून नीट लिहिता येत नाही.

कोर्टमनबाईंनी पहिल्या दिवशी
माझ्यापुढे वेगळाच पंप ठेवला.
इस्पितळातला, औषध थेंब थेंब मोजून सोडणारा,
भंगारातून चाळीस युरोंना आणलेला.
कडेला कुणाच्या तरी हस्ताक्षरात चिठ्ठी :
खोली अकरा, आवाज करतो.
"फोडायचा नाही," बाई म्हणाल्या. "आधी ऐकायचा."

तीन आठवडे नुसती ऐकत होते.
यानिक पलीकडे त्याच्या राउटरवर रोज काही ना काही जिंकायचा,
मी रोज हरल्याची तारीख घालून वहीत सही करायचे.
बाईंचा नियम : जे निघालं नाही तेही लिहा,
पुढच्याचे तेवढे दिवस वाचतात.

मग एका गुरुवारी मी पंपाला म्हटलं, मी नर्स आहे.
त्यानं ओळख विचारली नाही.
दुप्पट सोड, म्हटलं.
त्यानं सोडलं.
टेबलभर पाणी, साधं नळाचं.
मी ओरडले, यानिक खुर्चीवर चढून नाचला.
बाईंनी फडकं आणून पुसलं आणि विचारलं,
"असा दुसरा आत्ता कुणाच्या उशाशी असेल?"

कंपनीला पत्र. सात खर्डे.
दर खेपेला बाई एक विशेषण खोडत,
शेवटी एकही उरलं नाही.
खाली सही त्यांची, एकटीची.
मी धुमसत घरी गेले.
शोध माझा आणि नाव यांचं!
आईला म्हटलं, सगळे सारखेच.

मुदत नव्वद दिवसांची.
एकेचाळिसाव्या दिवशी उत्तर आलं,
इंजिनिअरचं नव्हे, वकिलाचं.
जाड कागद, दाव्याची धमकी,
आणि त्यावरही नाव बाईंचं, एकटीचं.
त्यांनी तो फाडला नाही, कपाटात ठेवला नाही,
कॉफीच्या मगाखाली सरकवला.
"तुझी दुसऱ्या प्रकरणाची आकृती कुठवर आली?"
मग उचलला तेव्हा
त्यांच्या नावाभोवती एक तपकिरी वर्तुळ होतं.
मी त्याच्याकडे बघत राहिले. आकृतीचं काही बोलले नाही.

शोधनिबंध छापून आला :
पहिलं नाव नेसरीन आयदेमिर.
बाई अगदी शेवटी, यानिकच्याही मागे.
फडकं त्यानं धुतलं, असं त्यांचं कारण.

आज माझ्यासमोर एक मुलगा बसलाय,
हेर्नेहून सायकलनं येतो, बोटांना वंगण.
त्याला मी तोच पंप दिलाय.
माझी फट केव्हाच बुजवलीय.
"मग यात शोधू काय?" तो विचारतो.

खिडकीखाली, फार खोल,
रात्रपाळीशिवाय, माणसाशिवाय
पाणी वर येत असतं.

"चिठ्ठी वाचलीस?" मी म्हणते.