मुंढवा, खिडकी क्रमांक सहा

सातवाहन बुडालेच नाहीत, असं धरून चला.

चांदणी चौकात टोलला दगडी रांजण,
त्यावर बारकोड.
नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं गलबत,
तरी रिक्षावाला म्हणणारच, सुट्टे नाहीत.

ण की न, यावरून
डेक्कनवर कुणी कुणाला हसत नाही;
त्या देशात सगळंच ण.

आणि पासपोर्टच्या अर्जात
पहिला रकाना आईचा.
दुसरा छापलेलाच नाही.

"वडिलांचं नाव?"
इकडच्या देशातला कारकून
पेनाचं टोपण काचेवर आपटतो.
"रिकामं चालत नाही."

गिरजा, म्हणतो मी.
कात्रजला डेअरीत बाटल्या धुवायची.
लिहा, गिरजापुत्र.

तो मान वर करून बघतो,
व्हिसा संपलेल्या माणसाकडे बघावं तसा.