वास पाहणे

एवासिओ ओतताना ग्लासकडे बघत नाही,
आमच्या चेहऱ्यांकडे बघतो.
पाच जण आम्ही, फेब्रुवारीतले चुकार पाहुणे.
बाहेर धुकं इतकं दाट
की नेइव्हे गावचं घंटाघर फक्त ऐकू येतं.

तळाशी दोन बोटं वाइन, कडेला विटकरी.
त्याची लेक मिरेल्ला सांगते:
नेब्बिओलो, नऊ वर्षांची,
माती निळसर, चुनखडीची, उतार नैर्ऋत्येला.
मग त्याच सुरात, तो समोर असतानाच:
"बाबांना वास येत नाही. दोन वर्षं झाली.
तापात गेला, परतला नाही."

अख्खं आयुष्य नाकासमोर चाललेला माणूस.
शेजाऱ्याचं पिंप बिघडलं
तर कुंपणाअलीकडून सांगायचा म्हणे.
आता खिशात पेन्सिल आणि चौकड्यांची वही.
विचारतो, "काय सापडलं?"
आणि उतरवून घेतो, शुद्धलेखन घातल्यासारखं.

डेन्मार्कचं जोडपं म्हणालं, व्हायोलेट.
तुरिनचा दंतवैद्य म्हणाला, गुलाब, आणि मागून डांबर.
(पुस्तकांत हेच असतं. मीही विमानात वाचलं होतं.)
दंतवैद्याची बायको म्हणाली, वा.
एवासिओने 'वा'सुद्धा लिहिलं.

माझी पाळी.
मी नाक खुपसलं, गुलाब शोधला.
डांबर तरी असेल म्हणून पुन्हा खुपसलं.
माळ्यावर ओल लागलेला रद्दीचा गठ्ठा
सोडल्यावर येतो, तो वास.
पण माझ्या नाकाला कोण विचारतंय?
घरी आम्ही वाइन पितो ती चहाच्या कपात.
इथे नाक मुरडावं तर कापलं जायचं आपलंच.

तो बघत होता.
आणि चेहरा काही माझ्या ताब्यात नव्हता.

"पुठ्ठा," मी म्हणाले. "ओला पुठ्ठा."
मिरेल्लाने चाचरत भाषांतर केलं.

पेन्सिल थांबली.
"ब्लागोया!"
पिंपांमागून आला तो,
मॅसेडोनियाचा, वीस वर्षं इथल्या वेली छाटणारा,
अंगठ्याला कात्रीचा घट्टा.
एकदाच हुंगलं.
"बूच," म्हणाला. बूच सडकं.

डेन्मार्क ग्लासात डोकावू लागलं.
दंतवैद्याला फोन आला.

एवासिओ इतका हसला की टेबलाला टेकला.
मिरेल्ला नाही हसली, साठ युरोची होती बाटली.
त्याने ती मोरीत ओतली,
वहीतलं पान फाडलं,
व्हायोलेट, गुलाब, डांबर, वा,
आणि दुसरी उघडली.
पहिला घोट मला.

या वेळी मी काहीच बोलले नाही.
तो बघत राहिला
कितीतरी वेळ,
विकलेल्या घराच्या खिडकीतून
कुणी आत बघावं तसा.
लिहिलं मात्र काही नाही.

जुन्या मराठीत
वाट पाहण्याला 'वास पाहणे' म्हणत.
सांगायचं होतं मला हे त्याला.
पण माझ्या इटालियनमध्ये तीनच शब्द:
किती, कुठे आणि धन्यवाद.

निघताना फाटकापर्यंत आला.
त्याचं कुत्रं माझ्या गाडीची चाकं
एकेक करून वाचत होतं.
त्याने हवेत काडी ओढल्याची खूण केली,
मग वेल छाटल्याची,
मग स्वतःच्या नाकावर बोट ठेवून
माझ्याकडे वळवलं.

मी श्वास घेतला.
हो. जाळत होतं कुणीतरी काटक्या.

"कुठे?"
हा शब्द मला येत होता.
दिसत काहीच नव्हतं, ना टेकडी ना धूर.
मी नाकानेच अंदाज घेतला, हात उचलला
आणि तो तिकडे तोंड करून उभा राहिला,
टोपी काढून,
वास पाहत.